डमरू दिसला नाही म्हणजे ब्लॅक विडो नाही?

एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर उड्या मारतोय. वर काळ्या कोळ्याचा फोटो आणि खाली हा मजकूर:

«ब्लॅक विडो ओळखा, जीव वाचवा! काळाकुळकुळीत कोळी आणि पाठीवर लाल डमरू, हीच ती ब्लॅक विडो. डमरू नसेल तर घाबरू नका, साधा कोळी आहे. तपकिरी आणि पट्टेवाले कोळी निरुपद्रवी असतात. डमरू जितका मोठा आणि लाल, तितकं विष जास्त. चावली तर मांस सडतं आणि माणूस तासाभरात जातो. मिलन झालं की मादी नराला खातेच, म्हणून तर नाव विडो.»

मला कोळी बघायचा नाद आहे हे माहीत असल्यामुळे हा मेसेज चार जणांनी माझ्याकडे पाठवला. चौघांचा प्रश्न एकच: खरं आहे का हे? तर पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे, शेवटचं थोडंफार खरं आहे आणि मधली सगळी चुकीची आहेत. त्यातही डमरू नसेल तर घाबरू नका हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं. बाकीच्या बहुतेक वाक्यांनी माणूस फार तर उगाच घाबरेल. या वाक्याच्या भरवशावर तो अडगळीत हात घालेल.

उत्तरं देण्याआधी एक खुलासा करतो, कारण निम्मा गोंधळ नावामुळेच होतो. ब्लॅक विडो म्हणजे कोळ्याची एकच एक जात नव्हे. लॅट्रोडेक्टस नावाचा एक मोठा गोतावळा आहे. वाल्कनेर या फ्रेंच अभ्यासकाने 1805 मध्ये त्याला हे नाव दिलं. आज त्यात तीसहून जास्त जाती धरतात आणि अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर त्या सापडतात. उत्तर अमेरिकेत तीन काळ्या जाती आहेत: दक्षिणेकडची मॅक्टन्स, पश्चिमेकडची हेस्परस आणि उत्तरेकडची व्हॅरिओलस. ऑस्ट्रेलियात रेडबॅक, न्यूझीलंडमध्ये काटिपो, भूमध्य समुद्रापासून मध्य आशियापर्यंत तेरा ठिपक्यांची युरोपीय विडो. ब्राउन विडो तर माणसाच्या सामानासुमानाबरोबर जगभर पसरली आहे. भारतातूनही या गोतावळ्यातल्या जातींच्या नोंदी आहेत. एवढ्या सगळ्यांना एकच खूण आणि एकच रंग लावायला बसलं की काय होतं, ते पुढे दिसेलच.

«पाठीवर लाल डमरू»

डमरू पाठीवर नसतो, पोटाच्या खालच्या बाजूला असतो.

ही चूक कशी होते ते एकदा विडो जाळ्यात बघितली की कळतं. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन तिच्या जाळ्यासमोर बसा, हातभर अंतर ठेवून. दिवसा ती कोपऱ्यातल्या फटीत दडलेली असते. रात्री जाळ्याच्या मधोमध येऊन लटकते, आणि लटकते ती उलटी. पाय वर, धाग्यांना धरलेले. पाठ जमिनीकडे. म्हणजे वरून बघणाऱ्याला जे दिसतं ते तिचं पोट. माणूस कुठल्याही प्राण्याच्या वरच्या बाजूला पाठच समजतो, आणि डमरू पाठीवर जाऊन बसतो. उलट, तोच कोळी जमिनीवरून चालत असेल तर डमरू खाली झाकला जातो आणि वरून दिसते ती नुसती काळी चकचकीत गोटी. जाळ्यातून पडलेल्या, डब्याच्या तळाशी बसलेल्या किंवा चपलेत शिरलेल्या विडोचा डमरू तुम्हाला दिसणार नाही. तो आहे, पण तुमच्याकडे तोंड करून नाही.

दुसरं कारण त्या मेसेजमध्येच आहे. फोटोतल्या कोळ्याच्या पाठीवर खरोखरच लाल खूण आहे, पण ती डमरूच्या आकाराची नाही. पाठीच्या मध्यावरून मागे गेलेला तो लांबट लाल पट्टा आहे. ती ऑस्ट्रेलियाची रेडबॅक आहे. तिचं नावच त्या पट्ट्यावरून पडलंय. पोटाखालचा डमरू तिलाही असतो, तो वेगळा. म्हणजे मजकूर लिहिणाऱ्याने डमरूचं वर्णन एकीचं घेतलं, फोटो दुसरीचा लावला आणि दोन्ही जुळवायला डमरू उचलून पाठीवर ठेवला.

«डमरू नसेल तर घाबरू नका»

इथे जरा वेळ घालवू, कारण सगळ्या मेसेजचा डोलारा याच वाक्यावर उभा आहे.

पुस्तकातल्या चित्रात असतो तसा डमरू, म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवलेले, मॅक्टन्सच्या मादीत बहुतेक वेळा दिसतो. व्हॅरिओलसमध्ये हा डमरू मध्ये तुटलेला असतो: दोन वेगळे लाल डाग, त्यांच्यामध्ये काळी फट. हेस्परसमध्ये तर काहीही दिसू शकतं. कुणाचा डमरू पूर्ण, कुणाचा एकच त्रिकोण मोठा आणि दुसरा नावापुरता, कुणाचा नुसता आडवा डाग, आणि एखादीच्या पोटाखाली काहीच नाही. फ्लोरिडातली रेड विडो घ्या. डोक्याकडचा भाग आणि पाय लालसर नारिंगी, पोट काळं, त्यावर पिवळी कड असलेले लाल ठिपके. पोटाखाली पाहिलंत तर डमरूऐवजी बऱ्याचदा एकच लाल खूण. वाळवंटी भागातली व्हाइट विडो फिकट पांढरी असते आणि तिच्या अंगावर लाल डमरू नसतोच. मध्य आशियात जिला काराकुर्त म्हणतात, म्हणजे काळा किडा, ती त्या तेरा ठिपकेवालीचीच तिकडची बहीण. पण तिथल्या कित्येक पूर्ण वाढलेल्या माद्यांवर ठिपका औषधालाही सापडत नाही. नाव तेरा ठिपक्यांचं आणि अंगावर एक नाही!

खुणेवर विसंबून अभ्यासकसुद्धा फसले आहेत. न्यूझीलंडच्या काटिपोची गोष्ट याबाबतीत बोलकी आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या काटिपोच्या पाठीवर लाल पट्टा असतो, उत्तरेकडच्या काटिपोची पाठ सरसकट काळी असते. पट्टा नाही म्हणून उत्तरेकडचीला 1890 मध्ये वेगळी जात ठरवून वेगळं नाव दिलं गेलं. ते नाव शंभराहून जास्त वर्षं टिकलं. मग जनुकं तपासली गेली आणि 2008 मध्ये दोन्ही एकच जात असल्याचं मांडलं गेलं. लाल पट्टा हा जातीतला फरक नव्हताच, एकाच जातीच्या दोन पेहरावांतला फरक होता.

हर्बर्ट लेव्ही या अमेरिकी अभ्यासकाने 1959 मध्ये या सगळ्या गोतावळ्याची नव्याने उजळणी केली, तेव्हा रंगावर भिस्त ठेवली नाही. त्याने जननेंद्रियांची रचना बघितली. नराच्या अवयवाला किती वेढे आहेत, मादीत त्याला जुळणारी नळी कशी आहे, हे. नाइलाजही होता. संग्रहालयात कोळी अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवतात आणि त्यात लाल रंग विटतो. बरणीतल्या जुन्या विडोचा डमरू मळकट पांढरा दिसतो. जिवंतपणी बदलणारी आणि मेल्यावर उडून जाणारी खूण कुणी आधारकार्डासारखी वापरू नये, इतकंच.

आता एक कबुली. डमरू नसण्याला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. पूर्ण वाढलेला, गोल पोटाचा, काळपट चकचकीत कोळी सापडला आणि त्याच्या पोटाखाली खरोखरच काही नसेल, तर तो बऱ्याचदा स्टिएटोडा असतो, म्हणजे ज्याला फॉल्स विडो म्हणतात तो. विडोचा जवळचा नातेवाईक. अंगाची ठेवण तीच, जाळंही तसंच. जवळून बघितलंत तर रंग काळ्यापेक्षा जांभळट तपकिरीकडे झुकलेला दिसतो आणि पोटाच्या पुढच्या कडेला बऱ्याचदा फिकट चंद्रकोर असते. भिंग असेल तर आणखी एक पक्की खूण आहे: आठ डोळ्यांपैकी कडेचे दोन दोन डोळे स्टिएटोडात एकमेकांना चिकटलेले असतात, विडोत ते चांगले सुटे असतात. पण हे सगळं पोटाखालून नीट बघितल्यावरचं बोलणं झालं. वरून बघून डमरू दिसला नाही म्हणणं आणि डमरू नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मेसेज वाचणारा माणूस पहिलीच करणार.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी. काळ्या अंगावर लाल दिसलं की ती विडो, असंही नसतं. उड्या मारणाऱ्या कोळ्यांमध्ये पोटाची पाठ लालभडक असलेल्या जाती आहेत. ते केसाळ आणि आखूड पायांचे असतात, समोरचे दोन मोठे डोळे आपल्याकडे रोखून बघतात आणि जाळ्यात लटकून भक्ष्याची वाट बघत नाहीत. तरी बिचारे ब्लॅक विडो म्हणून चिरडले जातात.

«तपकिरी आणि पट्टेवाले निरुपद्रवी»

माझ्या मते कोळ्यांमधली सर्वांत बघण्यासारखी गोष्ट या चुकीच्या वाक्याखाली दडलेली आहे. विडो काळी जन्माला येत नाही. ती काळी होत जाते.

हेस्परसचं उदाहरण घेऊ. पिलं पिशवीतच पहिली कात टाकतात आणि मग एक बारीक भोक पाडून बाहेर पडतात. तेव्हा ती टाचणीच्या डोक्याएवढी आणि फिकट पांढरट असतात, अंगावर काळे ठिपके. कुणी दाखवलं नाही तर हे विडोचं पिलू आहे असं स्वप्नातही येणार नाही. पुढच्या काही काती टाकेपर्यंत अंग पिवळट तपकिरी होतं. पाठीच्या मध्यावर एक फिकट पट्टा, दोन्ही बाजूंना तिरपे पांढरे पट्टे, पायांवर सांध्यागणिक गडद कडी. पोटाखाली डमरू असतो, पण तो लाल नसतो. आधी पांढरट, मग पिवळसर, मग नारिंगी.

त्यानंतर प्रत्येक कातीबरोबर काळा रंग पट्ट्यांच्या कडांनी आत सरकत येतो. भिजलेल्या कापडावर शाई पसरावी तसा. तिरपे पट्टे आधी बारीक होतात, मग तुटतात, मग गडप होतात. मधला पट्टा आकसत मागे जातो आणि शेवटी रेशीम सोडणाऱ्या टोकांच्या जरा वर एखादा लाल ठिपका तेवढा उरतो. काही माद्यांत तोही उरत नाही. काहींत मात्र वयात आल्यावरही पाठीवर लाल ठिपक्यांची रांग राहते. व्हॅरिओलसमध्ये तर ही रांग नेहमीचीच आहे. एकाच मादीचे तिच्या वाढीच्या चार टप्प्यांवरचे फोटो शेजारी ठेवले तर बघणारा चार जाती मोजेल.

हा बदल किती दिवसांत होतो हे खाणं आणि ऊब यांवर ठरतं. भरपूर खायला मिळालेली मादी काही महिन्यांत काळी होते, उपाशी राहिलेली तिची सख्खी बहीण अजून पट्ट्यातच असते. त्यामुळे रंगावरून वय सांगायलाही जाऊ नये. शिवाय काती आणि कातींच्या मधलाही खेळ असतो. नुकतीच कात टाकलेली विडो मऊ आणि फिकट असते, काही तासांनी गडद होते. अंड्यांनी पोट टम्म फुगलं की त्वचा ताणली जाते, काळ्यात तपकिरी झाक येते आणि डमरूही पसरट दिसतो. अंडी घातल्यावर तेच पोट सुकलेल्या मनुकेसारखं होतं आणि डमरू सुरकुत्यांत जातो.

आणि नर? तो काळा होण्याच्या फंदात पडतच नाही. मादीपेक्षा कमी काती टाकून तो वयात येतो आणि लहानपणचे पट्टे घेऊनच मरतो. तपकिरी किंवा करडा, बारीक पोटाचा, लांब पायांचा, मादीच्या निम्म्याहूनही लहान. तोंडासमोर दोन फुगीर गोळे दिसले, मुष्टियुद्धातल्या हातमोज्यांसारखे, की तो वयात आलेला नर. त्याच्यापासून माणसाला धोका जवळपास नाही. पिलांपासूनही नाही, कारण विष असलं तरी इवल्याशा नांग्या माणसाच्या कातडीला पुरत नाहीत. एवढ्यापुरतं मेसेजचं वाक्य कुणाला बरोबर वाटेल. पण पट्टेवाली अर्धवट वाढलेली मादी चावू शकते. आणि जिथे आज पट्टेवाली पोर बसली आहे तिथेच काही आठवड्यांनी काळी मादी बसलेली असणार.

तपकिरी म्हटलं की ब्राउन विडो. कोख या अभ्यासकाने 1841 मध्ये तिला नाव दिलं तेव्हा जातीच्या नावात भूमितीचा उल्लेख केला, तो पाठीवरच्या रेखीव नक्षीमुळे. ही मादी पोरवयातले पट्टे म्हातारपणापर्यंत सोडत नाही: तपकिरी, करडं, मळकट पांढरं, मध्ये काळे ठिपके, पायांवर कडी. डमरू असतो, पण नारिंगी किंवा पिवळट. काही ब्राउन विडो इतक्या गडद होतात की काळ्याच वाटतात. म्हणजे तपकिरी दिसणारी पोर काळ्या जातीची असू शकते आणि काळी दिसणारी मादी तपकिरी जातीची. तिचा चावा काळ्या बहिणींच्या मानाने सहसा बराच सौम्य असतो हे खरं, तरी ती विडोच आहे. तिला निरुपद्रवी म्हणणं काळ्या विडोला तर मुळीच पटणार नाही: फ्लोरिडात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राउन विडो शेजारच्या काळ्या विडोवर चालून जाऊन तिला मारून खाते असं दिसलं होतं.

«डमरू जितका लाल, तितकं विष जास्त»

विषाच्या ग्रंथी असतात डोकं आणि छातीच्या एकत्र झालेल्या पुढच्या भागात, नांग्यांच्या मागे. डमरू आहे मागच्या भागाच्या त्वचेतला रंग. या दोघांची गाठ पडत नाही. डमरू नसलेली व्हाइट विडो विषारी आहे आणि ठसठशीत नारिंगी डमरूवाली ब्राउन विडो त्या मानाने सौम्य. विषय इथेच संपला असता.

पण मग डमरू आहे कशाला, हा प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर मजेदार आहे. 2016 मध्ये अमेरिकेत निकोलस ब्रँडली आणि सहकाऱ्यांनी नकली विडो तयार करून पक्ष्यांना दाणे घालतात तिथे ठेवल्या. काहींना लाल खूण, काही नुसत्या काळ्या. लाल खुणेच्या नकली कोळ्यांवर पक्ष्यांनी कमी चोची मारल्या. दुसरीकडे त्यांनी रंग कुणाला कसा दिसतो याचा हिशेब मांडला: काळ्यावरचा लाल पक्ष्यांना उठून दिसतो, कीटकांच्या डोळ्यांना त्यामानाने फारच कमी. पाटी अशी लिहिलेली की शिकाऱ्याला वाचता यावी आणि शिकारीला वाचता येऊ नये. उलटं लटकण्याचाही इथे उलगडा होतो. वरून झडप घालणाऱ्या पक्ष्याला आधी पोटच दिसतं. ही पाटी मुळात आपल्यासाठी लिहिलेलीच नाही, म्हणून आपण ती वाचताना इतके चुकतो.

«मांस सडतं, माणूस तासाभरात जातो»

मांस सडण्याची गोष्ट दुसऱ्याच कोळ्याची आहे, रेक्लूज नावाच्या. विडोचं विष कातडी कुजवत नाही. ते मज्जातंतूंवर काम करतं: तंतूंच्या टोकांशी साठवलेली संदेशाची रसायनं एकदम बाहेर सांडतात आणि स्नायू आखडतात. चावल्याची जागा बऱ्याचदा नगण्य दिसते, दोन बारीक टोचे, थोडी लाली. मग तासाभरात वेदना वर चढायला लागते, पोट फळीसारखं कडक होतं, घाम फुटतो, रक्तदाब वाढतो, मळमळतं.

अ‍ॅलन ब्लेअर या अलाबामा विद्यापीठातल्या प्राध्यापकाने हे स्वतःवर करून बघितलं. 1933 मध्ये त्याने एका विडोला आपल्या बोटाला चावू दिलं आणि दहा सेकंद तिथेच ठेवलं. दोनेक तासांत त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. त्याचे हाल फार झाले, इतके की प्रयोग पुन्हा करण्याचा बेत त्याने सोडून दिला. पण तो वाचला, आणि हे प्रतिविष बाजारात यायच्या आधी. अमेरिकेत प्रतिविष 1936 पासून आहे, रेडबॅकवरचं ऑस्ट्रेलियात 1956 पासून. विडोच्या चाव्याने मृत्यू फार क्वचित होतो. लहान मुलं, वृद्ध आणि हृदयाचे रुग्ण यांच्याबाबतीत जास्त काळजी घ्यावी लागते. म्हणून चावा झाला तर जागा साबणाने धुवायची, बर्फाने शेकायची आणि डॉक्टरकडे जायचं. कोळ्याचा फोटो जमला तर घ्यायचा, पण त्यासाठी त्याचा पाठलाग करायचा नाही. तासाभरात मरणार या भीतीने नस कापणारे आणि जखम चोखणारे लोक विडोपेक्षा जास्त नुकसान करतात.

«मादी नराला खातेच»

रेडबॅकमध्ये बऱ्याचदा खाते. तिथे नर मिलनाच्या वेळी स्वतःच कोलांटी मारून आपलं पोट तिच्या तोंडासमोर नेतो. इतर बहुतेक जातींत नर बऱ्याचदा सुटून जातात, आणि काही तर आधी जाळ्याला येणाऱ्या वासावरून मादी भुकेली आहे की पोट भरलेली याचा अंदाज घेतात. «खातेच» मधला तो «च» काढला की वाक्य ठीक आहे.

मग ओळखायचं कशावरून? मी रंगाकडे शेवटी बघतो. आधी बघतो जाळं. चक्रासारखं रेखीव जाळं असेल तर विषय संपला, ती विडो नाही. विडोचं जाळं बघून कुणी त्याला जाळं म्हणणार नाही, विस्कटलेला गुंताच वाटतो. वर दडायला एक कोपरा, मध्ये आडवेतिडवे धागे, आणि तिथून खाली जमिनीपर्यंत ताणलेले उभे दोरे. या दोऱ्यांच्या खालच्या टोकांना चिकट थेंब असतात. चालता किडा थेंबाला लागला की दोरा जमिनीपासून सुटतो, ताणलेल्या रबरासारखा आखडतो आणि किडा अधांतरी लटकतो. मग वरून मादी खाली येते आणि मागच्या पायांनी त्याच्यावर चिकट रेशीम फेकते. त्या पायांवर ताठ केसांची रांग असते, कंगव्यासारखी. काठीने असा गुंता ओढून बघा. साधी जळमटं आवाज न करता निघून येतात. विडोचे धागे तुटताना कागद फाटल्यासारखी चर्र ऐकू येते. अंधारात हा आवाज ऐकला की मी काठी मागे घेतो.

त्या चौघांपैकी एकीने मेसेजसोबत स्वतः काढलेला फोटोही पाठवला होता. बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीखाली तपकिरी पट्टेरी कोळी, पायांवर कडी, पाठीकडून काढलेला आणि हललेला फोटो. खाली लिहिलं होतं, «काळी नाही, डमरू नाही, म्हणजे साधीच ना? खुर्ची रोज वापरतो आम्ही.» कोळ्यावरून मलाही काही सांगता आलं नसतं. पण फोटोच्या कोपऱ्यात, खुर्चीच्या पायाला लागून, अंड्यांच्या तीन पिशव्या होत्या. काळ्या विडोच्या पिशव्या गुळगुळीत असतात, कागदी लगद्याच्या गोळीसारख्या. या तिन्हींवर सगळीकडून बारीक काटे उभे होते, वाळलेल्या गोखरूसारखे. अशी पिशवी करणारी एकच माझ्या ओळखीची आहे, ब्राउन विडो. मी म्हटलं, खुर्ची न उचलता खालून एक फोटो काढा, मोबाइल जमिनीवर उताणा ठेवून. दहा मिनिटांनी फोटो आला. पोटाखाली नारिंगी डमरू, अगदी पुस्तकातल्यासारखा.